बुजवलेली भोकं

बत्तिसावा माणूस काही केल्या मिळेना. एकतीस झाले होते, एकच उरला होता. बुधवारी दुपारी जी मुलगी यायची होती तिने तासभर आधी निरोप धाडला की दाढ ठणकतेय, येता येणार नाही. भिंगरीने फोन टेबलावर असा आदळला की पलीकडे तारांचं भेंडोळं सोडवत बसलेल्या तारकाकांनी मान वर न करताच विचारलं, "फुटला का?"

"नाही."

"मग अजून एकदा आपट. काम अर्धवट सोडू नये."

तारकाका हे त्या लॅबचे जुने तंत्रज्ञ. छतावरच्या कॅमेऱ्यांपासून भिंतीतल्या शेवटच्या वायरीपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. प्रोफेसर आल्या-गेल्या, विद्यार्थी आले-गेले, काका तिथेच. आणि भिंगरी हे तिचं घरचं नाव, थोरल्या भावाने ठेवलेलं. एका जागी बूड टेकेल तर शपथ. काकांच्या कानावर ते एकदा पडलं आणि लॅबभर झालं. तिशी उलटली, नावामागे डॉक्टर लागायची वेळ आली (नाडी बघणारी नव्हे, प्रबंध लिहून होतात ती), तरी बसल्या खुर्चीत पाय हलत असायचा, आणि पाय थांबला की नखं दातांत.

लॅब म्हणावी तर आत बघण्यासारखं काहीच नव्हतं. विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, खिडक्यांना काळे पडदे, खाली करडा गालिचा, छताच्या चार कोपऱ्यांत चार कॅमेरे, आणि मध्ये रिकामी जागा. नवख्या माणसाला वाटायचं, रंग द्यायचाय म्हणून सामान हलवलंय. पण त्या गालिच्यावर उभं राहून डोक्याला हेडसेट चढवला की डोळ्यांपुढे अख्खं शहर उभं राहायचं, आणि शहरावर डोंगर.

डोंगर आकड्यांचा होता. वर्षभरात अ‍ॅम्ब्युलन्ससाठी जेवढे फोन झाले, त्यांतल्या प्रत्येकाची वेळ आणि गाडी पोहोचल्याची वेळ खात्याने भिंगरीला दिली होती. गाडीला जिथे जास्त मिनिटं लागली तिथली जमीन उंच, जिथे कमी लागली तिथे सपाट. आकड्यांचा कागद माणसापुढे टाकला तर तो जांभई देतो. त्याच आकड्यांवर त्याला चढायला लावलं तर पोटऱ्यांना कळतं कुठे चढ आहे. असं लॅबचं म्हणणं, आणि ते बत्तीस माणसांवर सिद्ध करून दाखवायचं हे भिंगरीचं काम. आतापर्यंतच्या एकतीसही जणांनी दोन मिनिटांत एकच जागा दाखवली होती: उत्तरेच्या टेकडीवरची बंगल्यांची वस्ती. सगळ्यात उंच सुळका तिथेच होता.

शुक्रवारी सकाळी अ‍ॅम्ब्युलन्स खात्याचे साहेब यायचे होते. शहरात नवी चौकी काढायची, तिथे एक गाडी कायमची उभी ठेवायची, आणि ती कुठे हे या डोंगरावर चढून ठरवायचं. बत्तीस माणसं पुरी झाली आणि साहेबांनी मान डोलावली की पाच वर्षांचं घोडं गंगेत न्हालं. म्हणून तर जीव खालीवर.

तिने दादाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"आत्ताच सुटलोय. का गं, काय पेटलं?"

"अर्धा तास ये इकडे. डोक्याला एक डबा लावायचाय."

"डोक्याला ताप कमी आहे होय? येतो."

घरचा माणूस घ्यायचा नाही हा लॅबचा नियम होता. भिंगरीला तो पाठ होता. पण मॅडम, म्हणजे तिच्या प्रोफेसर, परगावी गेल्या होत्या, आणि उतावळ्या माणसाला नियम नेहमी दुसऱ्यासाठी केलेला वाटतो.

दादा आला तो खाकी गणवेशातच. बारा वर्षं तो अ‍ॅम्ब्युलन्स चालवत होता. बहिणीसाठी शाळा सोडली वगैरे काही नाही. शाळेनेच त्याला सोडलं होतं, आणि दोघांनाही त्याचं दुःख नव्हतं. बहीण मात्र त्याच्याच घरी वरच्या खोलीत राहायची आणि त्याच्याच ताटातलं ओढून खायची.

"इथे सही कर," भिंगरी म्हणाली. "तू काय बोललास ते टेप होईल, पण नाव कुठे येणार नाही. नुसता नंबर. बत्तीस."

"बारा वर्षं गाडीला नंबर लावून फिरवली. आता मलाच लावा."

काकांनी हेडसेटचा पट्टा आवळला. दादाने मान डावी-उजवीकडे फिरवली. मग एकदम ओरडला, "अरे! हे आपलंच की! हा पूल. हा टॉवर. आणि ही रेल्वे. काका, मी चालू का?"

"चाल. भिंत आली तर ओरडतो."

"सगळ्यात जास्त उशीर कुठे होतो ते शोधून दाखवायचं," भिंगरीने ठरलेलं वाक्य म्हटलं. ते तिने एकतीस वेळा म्हटलं होतं.

दादाने टेकडीकडे पाहिलंसुद्धा नाही. गालिच्यावरून तो उलट दिशेला निघाला, रेल्वेचे रूळ ओलांडले, फाटक ओलांडलं, आणि उभा राहिला. पायाने जमीन चाचपली. पुन्हा चाचपली.

"इथला डोंगर कुठे गेला?"

"तिथे डोंगर नाहीच. सपाट आहे. म्हणजे तिथे गाडी लवकर जाते. सात मिनिटांत."

दादा हसला. पण ते हसणं चांगलं नव्हतं. "सात मिनिटांत? फाटकापलीकडे? बये, सात मिनिटं तर नुसतं फाटक उघडायची वाट बघण्यात जातात. पुढे गल्ली अशी की गाडीचा आरसा मिटून घेतला तरी शिरत नाही. तोंडाशी गाडी लावायची आणि स्ट्रेचर उचलून पळायचं. मी आणि गाडीवरची नर्स. वीस मिनिटं म्हण. पंचवीस म्हण."

"मग आकडे असे कसे? पोहोचल्याचं बटण तुम्हीच दाबता ना?"

"कुठलं बटण?"

"गाडीतलं. हिरवं."

 डोक्यावर तो डबा, तोंड अर्धं झाकलेलं, हात हवेत. दादा हळू आवाजात म्हणाला, "तिथे हात कुणाचा मोकळा असतो गं? गाडी थांबते न थांबते तोवर चार माणसं दार ओढत असतात. कुणी रडतंय, कुणी शिव्या घालतंय. उडी मारायची आणि पळायचं. परत येईस्तोवर अर्धा तास. तेव्हा बटण दाबलं तर खोटी वेळ पडते. मग नाही दाबत. कुणीच नाही दाबत तिथे."

काकांच्या हातातली तार थांबली. दादाने हेडसेट उतरवला, कपाळावर लाल वळ उठला होता.

"हे लिहू नकोस हं."

"दादा, टेप चालू आहे."

"मग पुसून टाक. तीनदा बटण चुकलं की गाडीवरून खाली, असा नियम आहे. भिंतीवर चिकटवलाय. आजवर कुणी बघितलं नाही म्हणून चाललंय. माझं तीनदा नाही, तीनशेदा झालं असेल." त्याने हेडसेट तिच्या हातात दिला तो जरा जोरातच. "मी तुला आकडे द्यायला आलो नव्हतो. तुझी बत्तीस डोकी भरायला माणूस कमी पडला म्हणून आलो होतो."

तो गेला. भिंगरी कॉम्प्युटरपुढे बसली, उठली, पुन्हा बसली. मूळ आकडे उघडले. बावीस हजार फोन. पोहोचल्याची वेळ कोरी असलेले एकोणीसशे चार. त्यांतले तेराशे ऐंशी फाटकापलीकडचे.

आणि तिला ती ओळ आठवली.

पहिल्या वर्षातली गोष्ट. तेव्हा डोंगर नवा होता, आणि जिथे आकडा कोरा तिथे जमिनीला भोक पडायचं. काळं, खोल, तळ न दिसणारं. विभागप्रमुख बघायला आले, चालता चालता त्यांच्या पायाखाली असं एक भोक आलं, आणि सपाट गालिच्यावर उभा असलेला तो जाडजूड माणूस गुडघ्यांवर कोसळला. दुसऱ्या एकीने तर कोपऱ्यात जाऊन ओकारी काढली. डोळ्यांना खड्डा दिसला की पाय ऐकत नाहीत, मग खाली गालिचा असो की सिमेंट. मॅडम म्हणाल्या, हे नीट करायला हवं, असं झालं तर लोक चालणारच नाहीत. भिंगरीने दुपारभरात नीट केलं. प्रोग्रॅममध्ये एकच ओळ लिहिली: जिथे आकडा नाही, तिथे आजूबाजूच्या जागांची सरासरी काढून भर. भोकं बुजली. कुणाला घेरी येईना. मॅडमनी पाठ थोपटली.

आजूबाजूच्या जागा म्हणजे फाटकाच्या अलीकडचा हमरस्ता. तिथे गाडी दारात लागते, ड्रायव्हर निवांत बटण दाबतो. त्या निवांत मिनिटांचं पीठ करून तिने पलीकडच्या भोकांत भरलं होतं. जिथे सगळ्यात जास्त पळापळ, तीच जागा अंगणासारखी सारवलेली. तिला हे चार वर्षांत सुचलं नाही, मॅडमना सुचलं नाही, एकतीस माणसांना सुचलं नाही. शिकलेल्या माणसाला भोक दिसलं की त्यावर काय पसरू हे आधी सुचतं. वाकून आत बघायची त्याला लाज.

"काका," ती म्हणाली, "चुलीत गेलं सगळं."

"सगळं नाही," काका म्हणाले. "कॅमेरे चांगले आहेत."

गुरुवारी सकाळी मॅडम आल्या त्या थेट बॅग घेऊन लॅबमध्ये. बाई उंच, बोलायला मोजकी, आणि रागावली की आणखी मोजकी. भिंगरीने उभ्या उभ्या, येरझाऱ्या घालत सगळं सांगितलं. फक्त बत्तीस नंबर कोण ते गाळलं. मॅडमनी तेच पहिलं विचारलं.

"हा बत्तीस नंबर तुला कुठे भेटला?"

"माझा भाऊ आहे."

"घरचा माणूस?"

"हो."

"म्हणजे तो धरताच येणार नाही."

"धरायचं नाहीच आहे मॅडम. एकही धरता येणार नाही. एकतीसही फुकट गेले. त्यांनी जो डोंगर बघितला तो मी घडवलेला होता."

मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले. "रिकाम्या जागा भरतात गं. सगळे भरतात. भरल्या हे सांगायला हवं होतं, आणि कुठे कुठे भरल्या ते मी विचारायला हवं होतं. त्या ओळीवर माझीही सही आहे, समज." थोडं थांबून म्हणाल्या, "उद्याची भेट पुढे ढकलता येईल. साहेबांना सांगू यंत्र बिघडलंय."

"आणि तोवर त्यांनी चौकी टेकडीवर मंजूर केली तर? गेल्या महिन्यात आपण पाठवलेलं चित्र त्यांच्याकडे आहेच."

"हं." मॅडमनी बॅग उचलली. "मग उद्या तू बोल. चूक कशी झाली ते तुला माझ्यापेक्षा नीट सांगता येईल. मी शेजारी उभी राहीन. पण एक ध्यानात ठेव, तुझी पदवी वर्षभर पुढे गेली. कदाचित दीड."

वर्षभर काय, दोन वर्षं गेली असती तरी भिंगरीने डोळे मिटून गिळली असती. तिच्या घशात अडकलं होतं ते वेगळंच. भोकं दाखवायची म्हणजे बटणं न दाबलेली दाखवायची. बटणं दाखवली की ड्रायव्हर आले. आणि ड्रायव्हर आले की दादा आला.

संध्याकाळी घरी पाय ठेवला आणि तिला कळलं, दादाने वहिनीला सांगितलंय. स्वयंपाकघरात वहिनी बटाटे सोलत होती, आणि सालं अशी जाड निघत होती की बटाट्याला काही उरणार नाही. दादा टेबलाशी बसून बुटाची लेस काढत होता, घालत होता.

"या वन्सं," वहिनी म्हणाली. "मोठ्या झालात, डोंगर बांधायला लागलात. आता दगड आमच्या डोक्यावर पाडा."

"वहिनी, ऐकून तर घे."

"ऐकते ना. पाच वर्षं ऐकतेच आहे. आज हे दिसलं, उद्या ते दिसेल. आम्हाला काय, तुम्ही डोक्याला डबा लावला की तुम्हाला आम्ही दिसत नाही एवढं कळतं."

"तिथे लोकांना गाडी मिळत नाही वेळेवर. ते कुणालाच माहीत नाही. माझ्यामुळे माहीत नाही."

"यांना माहीत आहे. यांच्यासारख्या सगळ्यांना माहीत आहे. तरी हे पळतात ना स्ट्रेचर घेऊन? कमरेला पट्टा बांधून पळतात. उद्या यांना गाडीवरून उतरवून गोदामात बसवलं, तर तुमचा डोंगर पळणार आहे का?"

 उत्तर नसलं की माणूस नको ते बोलतो. भिंगरी बोलून गेली, "तुझी आई फाटकापलीकडेच राहते वहिनी."

सुरी थांबली. दादाने मान वर केली.

"माझ्या आईला मध्ये आणायचं नाही," वहिनी म्हणाली, आवाज न चढवता. "तिला काही झालं तर आम्ही खांद्यावर आणू. तुमच्या चौकीवाचून अडणार नाही."

"दादा, तू तरी बोल."

दादाने लेस ओढून घट्ट केली. "मी काय बोलू? तुझं तू बघ."

ओरडला असता तर बरं झालं असतं. लहानपणी तिने त्याची सायकल नाल्यात घातली होती, तेव्हा तो असा ओरडला होता की शेजारी गोळा झाले, आणि संध्याकाळपर्यंत दोघं पुन्हा एकत्र. हे "तुझं तू बघ" मात्र तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती जिना चढली, उतरली, पाणी प्यायली, पुन्हा चढली. वरच्या खोलीतल्या फळ्या कुरकुरत राहिल्या, आणि खाली दोघं ते ऐकत बसली.

शुक्रवारी ती लॅबमध्ये पोहोचली तेव्हा झाडूवाल्या बाईचा हात अजून गालिच्यावर फिरत होता. तिने आपली ती ओळ खोडली. मग परत लिहिली. मग खोडली.

"कुठला डोंगर लावू?" काकांनी विचारलं.

"भोकांचा."

"बरं. मग मी साहेबांच्या मागेच उभा राहतो. पडले तर उचलायला दोघं लागतील."

साहेब आले, बरोबर फाइली धरणारे दोघे. साहेब गोल, हसरे, आल्या आल्या म्हणाले, "काय मॅडम, आज आम्हाला गिर्यारोहण करायला लावणार म्हणे! बायकोला सांगून आलोय." फाइलीवाले हसले. साहेब हसले की हसायचं हे त्यांच्या नोकरीतच असावं. हेडसेट चढला. साहेबांनी दोन पावलं टाकली, "वा" म्हणाले, टेकडीकडे हात केला. "हे ते. चित्रात पाहिलंय मी. इथेच करायची ना चौकी?"

"साहेब," भिंगरी म्हणाली, "आधी जरा फाटकापलीकडे चला."

साहेब वळले. रूळ ओलांडले. आणि जागच्या जागी खिळले.

"हे काय? यंत्र बिघडलंय तुमचं."

"नाही साहेब."

"खाली काही नाही इथे! सगळी चाळण झालीय."

"तुम्ही गालिच्यावर आहात. पुढे टाका पाऊल."

साहेबांनी उजवा पाय उचलला, हवेत धरला, आणि मागे घेतला. पुन्हा उचलला. दोन फाइलीवाल्यांसमोर, स्वच्छ करड्या गालिच्यावर, पन्नाशीचा माणूस एक पाऊल टाकू शकेना. काकांनी गुपचूप हात पुढे धरले.

"एकेक भोक म्हणजे एकेक फोन," भिंगरी म्हणाली. ती गालिच्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत बोलत होती, थांबली असती तर बोलता आलं नसतं. "गाडी गेली, पण कधी पोहोचली ते कुणी लिहिलं नाही. असे तेराशे ऐंशी. गेल्या महिन्यात तुम्हाला पाठवलेल्या चित्रात ही भोकं नव्हती, कारण ती मी बुजवली होती. बघणाऱ्याला घेरी येते म्हणून. चूक माझी आहे. पण तिथे चौकी नको, असं जे तुम्हाला वाटलं, ते माझ्या बुजवण्यामुळे वाटलं."

"का नाही लिहिलं? बटण आहे गाडीत."

"तिथे गाडी गल्लीत शिरत नाही. ड्रायव्हरला स्ट्रेचर घेऊन पळावं लागतं. हात मोकळा नसतो."

"कोण सांगतं हे?"

"बत्तीस नंबर."

"कोण बत्तीस नंबर?"

भिंगरी थांबली. तेव्हा मॅडम पहिल्यांदा बोलल्या. "ते सांगता येणार नाही. आम्ही सही घेऊन शब्द दिलेला असतो."

साहेबांनी हेडसेट उतरवला. हसू गेलं होतं. घाम रुमालाने टिपत म्हणाले, "नका सांगू. आमच्याकडे यादी आहे. कुठल्या गाडीचं बटण किती वेळा चुकलं, अर्ध्या तासात निघेल. नियम आहे तसा. प्रत्येकाला नोटीस जाईल."

भिंगरी तरातरा साहेबांपुढे आली. विचार करून बोलायला सवड कुठली?

"काढा नोटिसा. खुशाल काढा. पण मग पुढे काय होईल ते सांगते. सोमवारपासून प्रत्येक ड्रायव्हर फाटकाशीच बटण दाबेल. गल्लीच्या तोंडाशीसुद्धा नाही, फाटकाशी. कोण गाडीवरून उतरेल साहेब? मग तुमच्या यादीत एकही कोरी जागा राहणार नाही. माझ्या डोंगरात एकही भोक राहणार नाही. सगळं कसं गुळगुळीत. तुम्ही मस्त चालाल त्याच्यावरून. आणि आत गल्लीत माणूस दार धरून उभा असेल. आत्ता निदान कोरं तरी सोडतात. खोटं लिहीत नाहीत. तेवढंच खरं आहे आपल्याकडे, ते घालवू नका."

फाइलीवाल्यांपैकी एकाने फाइल मिटली. दुसऱ्याने उघडली. साहेब गालिच्याकडे बघत राहिले, जिथे आता काहीच नव्हतं.

"तोंडाची फटकळ आहात," ते मॅडमना म्हणाले, जणू मॅडमच बोलल्या होत्या.

"लॅबचं वळण आहे," मॅडम म्हणाल्या.

शेवटी ठरलं ते असं, की टेकडीवरची चौकी आज मंजूर होणार नाही. दोन महिने फाटकापलीकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत घड्याळ घेऊन एक माणूस बसेल आणि मोजेल. पुढचं त्यानंतर. "पण नोटिसा निघणार," साहेब दारातून वळून म्हणाले. "नियम भिंतीवर आहे, तो मला दिसलाच नाही असं कसं म्हणू? उत्तरं मागवू. कारवाई करायची की नाही, ते उत्तरं बघून."

म्हणजे काहीच नक्की नाही. भिंगरीला मार चालला असता, हे टांगून ठेवणं चालत नव्हतं. बसची वाट बघणं तिच्याने होईना. ती अ‍ॅम्ब्युलन्सच्या आवारापर्यंत चालत गेली, अर्धी धावत.

दादा पाइपने गाडी आतून धूत होता. तिला बघून त्याने पाणी बंद केलं नाही.

"बोललीस?"

"बोलले. तुझं नाव नाही घेतलं. पण नोटिसा निघणार. तुम्हा सगळ्यांना."

"सगळे म्हणजे किती?"

"एक्केचाळीस. माझ्या आकड्यांतून मोजले."

पाइप खाली आला. "एक्केचाळीस? आमच्यातला तो मिशाळपण? दर मीटिंगला उठून सांगतो, माझं रेकॉर्ड स्वच्छ!"

"यादीत सगळ्यात वर तोच असेल. जुना आहे ना."

दादाच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू नव्हतं, पण काल तेवढंही नव्हतं. "चौकी?"

"दोन महिने मोजणार. गाडीत माणूस बसणार घड्याळ घेऊन."

"बसू दे. स्ट्रेचरचं एक टोक त्याच्याच हातात देतो." त्याने पाणी बंद केलं. "आणि तुझं?"

"पहिल्यापासून. नवी बत्तीस माणसं. घरचं एकही नको."

"बरं झालं. मान दुखते त्या डब्याने." तो पाइप गुंडाळू लागला. सावकाश, एकेक वेढा नीट बसवत, बोलायचं टाळणारा माणूस गुंडाळतो तसा. मग म्हणाला, "मी रागावलोय अजून. दोनचार दिवस रागावणार आहे. आणि घरी तू सांगायचं. नोटीस मी घेईन, पण तिच्यापुढे मी उभा राहणार नाही."

भिंगरी घरी गेली. वहिनी ओट्याशी उभी होती, पाठमोरी. भिंगरीने दारातच उभं राहून, एका दमात, सगळं सांगितलं. भोकं, पहिल्या वर्षीची ती ओकारी, साहेबांचा उचललेला पाय, नोटिसा, एक्केचाळीस. वहिनी वळली नाही.

"तुमच्याशी मी नंतर बोलणार आहे," ती म्हणाली. "सावकाश बोलणार आहे. आज वेळ नाही."

"बरं."

"उत्तरं मागवणार म्हणालात ना? लेखी?"

"हो."

"म्हणजे एक्केचाळीस पुरुष एक्केचाळीस कोपऱ्यांत बसून लिहिणार, चूक झाली, माफी असावी. यांना मी ओळखत नाही का? गल्ली, फाटक, स्ट्रेचर, एक अक्षर लिहिणार नाहीत." वहिनीने हात पुसले आणि आता ती वळली. "तुमच्या त्या खोलीत एका वेळी किती माणसं मावतात?"

"खोलीत? पंधरा-वीस. का?"

"एक्केचाळीस घरांत बायका आहेत. साहेबांना दाखवलंत ते आम्हालाही दाखवा. बघितल्यावर मग उत्तरं कशी लिहायची ते आम्ही सांगू." तिने फ्रीजवरचा फोन घेतला, डोळे बारीक करून नंबर शोधला. "उद्या सकाळी रिकामी ठेवा खोली. आणि ओकारी येते म्हणालात, तर बादली ठेवा." फोन कानाला लावता लावता तिने भिंगरीला खुर्ची दाखवली. "बसा आता. किती त्या फेऱ्या! हॅलो, मिशाळवहिनी का?"